भर दर्यात मिस्त्री भेटत नाही

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, समुद्रापासून लांब आहे. आपल्यातल्या पुष्कळांनी होडी पाहिली असेल ती भंडारदऱ्याला, मुळा धरणात, नाहीतर नेवासे-शेवगावकडे नाथसागराच्या फुगवट्यात. ती मासे धरणारी लहानशी होडी. सकाळी जाते आणि दुपारी काठाला लागते. काही बिघडले तर वल्हे मारीत परत येता येते.

पण काही होड्या आठ-आठ महिने समुद्रावर फिरतात. वाऱ्याच्या जोरावर साऱ्या पृथ्वीला वळसा घालून परत येतात. अशी होडी निघण्याआधी तिची डागडुजी कशी करतात, ते आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, "समुद्राचं आणि आमचं काय नातं?" नाते आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून माणसे ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी गडी गाडी तपासतो. टायर, आख, जू, दोर, सारे हात लावून पाहतो. घरातली बाई पीठ-मीठ, भांडी, पोरांचे कपडे बांधते. वाटेत अडलो तर हाल होतील, हे दोघांनाही ठाऊक असते. तरी वाटेत गाव लागते. लोहार भेटतो, टायरवाला भेटतो. समुद्रात यातले कोणीच भेटत नाही. मग तिथे तयारी किती करावी लागत असेल, विचार करा.

आपल्या देशातल्या होड्या

गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी एक शिडाची होडी बांधली. तिचे नाव 'म्हादेई'. मांडवी नदीलाच वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. होडीची लांबी ५६ फूट. आपल्या एस.टी. गाडीच्या दीडपट म्हणा ना. २००९ साली ती नौदलात आली.

त्याच वर्षी १९ ऑगस्टला नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे मराठी गृहस्थ एकटेच ती घेऊन मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून ते मे २०१० मध्ये मुंबईला परत आले. एकट्याने शिडाच्या होडीतून अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी हे नौदल अधिकारी त्याच होडीतून १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले. ते कुठल्याही बंदरात न थांबता २०१३ साली परत आले.

नंतर तशीच दुसरी होडी बांधली. तिचे नाव 'तारिणी'. २०१७-१८ साली लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, अशा सहा बायकांनी तिच्यातून प्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी तारिणी घेऊन गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परत आल्या.

हा प्रवास २५ हजार सागरी मैलांच्या आसपास होतो. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. सारे मिळून झाले सुमारे ४६ हजार किलोमीटर. नगरहून पुण्याला १९० वेळा जाऊन यावे, एवढा हा पल्ला. वाटेत प्रशांत महासागरात 'नेमो' नावाचे ठिकाण आहे. तिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,७०० किलोमीटरवर. तारिणी २०२५ च्या जानेवारीत तिथून गेली. अशा जागी एक खिळा निसटला, तर तो कोण बसवणार? जो होडीत असेल तोच.

आधी होडी पाण्याबाहेर काढायची

पहिले काम म्हणजे होडी पाण्याबाहेर काढणे. यारीने उचलून तिला जमिनीवर टेकू देऊन उभी करतात. आपल्या कोकणातले कोळी बांधवही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांची डागडुजी करतात. रीत तीच.

होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे बारीक जीव चिकटतात. तळ खरबरीत होतो आणि होडी जड चालते. आठ दिवसांच्या वाटेला दहा दिवस लागले, तर दोन दिवसांचे अन्नपाणी जास्त लागेल. म्हणून तळ खरवडून, धुऊन, घासून साफ करतात. मग त्यावर तांबे मिसळलेला रंग देतात. तांब्यामुळे ते जीव लवकर चिकटत नाहीत.

आता तळाची पारख. आपल्या मायबहिणी बाजारात मडके घेताना काय करतात? बोटाने वाजवून पाहतात. टणक आवाज आला तर मडके चांगले. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. होडीचेही तसेच. म्हादेई, तारिणी या होड्यांचे अंग लाकडी पट्ट्यांचे, आणि त्यावर काचतंतूंचे कवच. लहान हातोडीने हे अंग जागोजाग ठोकून पाहतात. जिथे बद्द आवाज येतो, तिथे कवच सुटले असेल किंवा आत पाणी मुरले असेल. ती जागा उघडतात, वाळवतात आणि नव्याने भरतात. ओल तशीच ठेवून वरून रंग दिला, तर होडी दिसायला नवी होते, पण आतून कुजत राहते.

तळाखाली एक जड वजन बसवलेले असते. तळाशी वजन असलेली बाहुली तुम्ही पाहिली असेल. आडवी केली तरी ती उठून उभी राहते. लाटेने होडी आडवी पाडली, तर हेच वजन तिला पुन्हा सरळ करते. म्हणून ते वजन धरून ठेवणारे जाडजूड बोल्ट नीट तपासतात. ते सुटले तर सारेच संपले.

मुंबईत बांधलेल्या होडीची गोष्ट

तळाच्या फटीची किंमत काय असते, ते एका खऱ्या गोष्टीवरून कळेल. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या मुंबईत सागवानी होडी बांधून घेतली होती. तिचे नाव 'सुहेली'. लांबी फक्त ३२ फूट. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडहून एकटा निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तो परत आला. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. होडी मुंबईची, आणि ती घडवणारे हातही आपल्याच कारागिरांचे!

पण जाताना अटलांटिक महासागरात त्याच्या होडीत पाणी येऊ लागले. तळाच्या फळ्यांमधली फट उघडी पडली होती. भर समुद्रात होडी बाहेर कशी काढणार? तो स्वतः पाण्यात उतरला. श्वास रोखून बुडी मारायची, फटीत थोडा कापूस ठोकायचा, श्वास घ्यायला वर यायचे, पुन्हा बुडी. वर त्याने तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच एक शार्क मासा घिरट्या घालू लागला. तेव्हा त्याने होडीवर चढून बंदुकीने त्या माशाला मारले आणि मग राहिलेले काम पुरे केले.

माणूस धाडसी खरा. पण ही गोष्ट आम्ही धाडसासाठी सांगत नाही. हेच काम जमिनीवर, बसून, उजेडात, किती सोपे झाले असते ते पाहा.

सुकाणू

बैलाला कासरा, तसे होडीला सुकाणू. सुकाणू गेले की होडी वारा नेईल तिकडे जाते. आठ महिने रात्रंदिवस लाटा त्याला धक्के देतात. म्हणून त्याचा दांडा, सांधे, दोर, सारे उघडून पाहतात. झिजलेला भाग बदलतात. शिवाय मुख्य सुकाणू बिघडले तर हाताने होडी वळवता यावी, म्हणून वेगळा दांडा बरोबर ठेवतात.

एवढे करूनही बिघाड होतो. २०१८ साली तारिणी परतीच्या वाटेवर असताना तिच्या सुकाणूत बिघाड झाला. तेव्हा ठरलेले नसताना मॉरिशसच्या बंदरात थांबावे लागले. दुरुस्ती झाली आणि २१ मे २०१८ ला सहाही जणी सुखरूप गोव्याला पोचल्या. मॉरिशस जवळ होते म्हणून बरे झाले. हाच बिघाड नेमोजवळ झाला असता तर?

डोलकाठी आणि तारा

होडीच्या मधोमध उंच खांब असतो. त्याला डोलकाठी म्हणतात. शीड तिच्यावर चढवतात. तारिणीची डोलकाठी सुमारे २५ मीटर, म्हणजे ८० फुटांहून उंच आहे. ती उभी राहते चहूबाजूंनी ताणलेल्या पोलादी तारांवर. तंबूचा खांब जसा दोरांवर उभा राहतो, तसेच.

हातात तार घ्या आणि एकाच जागी वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. थोड्या वेळाने ती तुटते. ओढून तुटली नसती, पण वाकवून वाकवून तुटली. डोलकाठीच्या तारांचे हेच होते. समजा, होडी दहा सेकंदांत एकदा डोलते. मग दिवसात ती ८,६४० वेळा डोलेल आणि शंभर दिवसांत ८ लाख ६४ हजार वेळा. दर वेळी तारेला थोडा ताण बसतो. आत केसाएवढी चीर पडते. ती वरून दिसतही नाही.

म्हणून दोराच्या बैठकीत बसवून माणसाला डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवतात. तो प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहतो, बोटांनी चाचपतो. प्रत्येक पिन जागेवर आहे ना, तिची टोके वळवली आहेत ना, हे बघतो. गाडीच्या चाकाची खीळ निसटली की चाक निघते. तशीच ही पिन. वस्तू बोटाएवढी, पण तिच्यावर साऱ्या होडीचा भार. फार वापरलेल्या तारा चांगल्या दिसल्या तरी बदलून टाकतात. दिसायला चांगली म्हणून जुनी तार ठेवणे ही काटकसर नव्हे.

लोखंडाला गंज चढतो, हे आपण जाणतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले, तर त्यांतला एक झपाट्याने झिजतो. म्हणून होडीच्या तळाला जस्ताची वडी लावतात. खारे पाणी आधी जस्ताला खाते आणि बाकीचे धातू वाचतात. वडी संपत आली की नवी लावायची. खर्च थोडा, फायदा मोठा.

शिडे आणि दोर

शीड म्हणजे होडीचे इंजिन. बंदरात शिरायला लहानसे यंत्र असते, पण साऱ्या पृथ्वीला पुरेल एवढे तेल होडीत मावणार नाही. ऊन लागून शिडाचे कापड विरते. शिवण उसवते. म्हणून शिडे जमिनीवर पसरून एकेक टाका पाहतात. जिथे घासते तिथे दुहेरी ठिगळ लावतात. वादळासाठी जाड कापडाचे लहान शीड वेगळे ठेवतात. बरोबर सुया, दोरा, कापड आणि चिकटपट्टी घेतात. शिडाच्या होडीवरच्या माणसाला शिवण यावीच लागते. मग तो बाप्या असो की बाई.

विहिरीवरचा दोर रहाटावर एकाच जागी घासतो आणि तिथेच तुटतो. शहाणा माणूस मधूनमधून दोराची टोके उलटी करून बांधतो. होडीवरही असेच करतात. त्यामुळे दोर जास्त दिवस टिकतो.

पाणी आणि शिधा

चारी बाजूंना पाणी, आणि प्यायला थेंब नाही! खारे पाणी प्यायले तर तहान वाढते आणि माणूस दगावतो. पाण्याची किंमत आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको.

अलीकडच्या होड्यांत खारे पाणी गोडे करण्याचे यंत्र बसवतात. पण यंत्र बंद पडू शकते. म्हणून टाक्यांत पाणी भरतात. निघण्याआधी टाक्या आतून धुतात, त्यांचे सांधे तपासतात. सगळे पाणी एकाच टाकीत कधी ठेवीत नाहीत. अभिलाष टॉमी यांच्या २०१२-१३ च्या प्रवासात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळले. तेव्हा त्यांना पावसाच्या पाण्याची मदत झाली. सुहेलीवरही टाकीतले पाणी खराब झाले होते. तिथेही पाऊसच कामी आला. म्हणून शिडावरून पावसाचे पाणी धरायची सोयदेखील आधीच करून ठेवतात.

शिधा दिवसांच्या हिशेबाने बांधतात. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त दिवसांचा घेतात. ओल लागू नये म्हणून लहान लहान पुड्या करतात. म्हणजे एक पुडी भिजली तरी बाकीचा शिधा वाचतो. औषधांची पेटी असते, आणि कोणते औषध कशावर, हे तिच्यावर लिहिलेले असते.

घाई नको, उशीरही नको

आता एक अडचण पाहा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न म्हणून जागा आहे. तिथला समुद्र फार खवळलेला. पृथ्वीच्या त्या भागात डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा असतो. तेवढ्या दिवसांत तिथून जाणे त्यातल्या त्यात बरे. म्हणजे आपल्याकडून साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात निघाले पाहिजे. आपल्या देशातून होड्या निघाल्याच्या वर दिलेल्या तारखा पुन्हा वाचा. सगळ्या याच महिन्यांतल्या आहेत.

वाफसा गेला की पेरणी साधत नाही. तसेच हे. उशीर झाला तर हिवाळा गाठतो. घाई केली तर काम कच्चे राहते. यावर उपाय एकच, डागडुजी कितीतरी महिने आधी सुरू करायची. आणि दुरुस्ती झाली की लगेच लांब जायचे नाही. आधी जवळची फेरी करून पाहायची. दिलना आणि रूपा या दोघी मोठ्या प्रवासाआधी तारिणीतून मॉरिशसला जाऊन आल्या होत्या. अशा फेरीत उरलेसुरले दोष कळतात.

तयारी करूनही संकट आले तर?

सगळी तयारी केली म्हणजे समुद्र ऐकतोच, असे नाही. २०१८ साली अभिलाष टॉमी 'थुरिया' नावाच्या होडीतून एका जागतिक शर्यतीत उतरले. हीदेखील गोव्यातच, सुहेलीच्या धर्तीवर बांधलेली होती. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात मोठे वादळ झाले. होडी उलटली, डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीच्या मणक्याला मोठी इजा झाली. त्यांना उठताही येईना.

मग ते वाचले कसे? संकटाची खूण पाठवणारे यंत्र आणि निरोप धाडण्याचे साधन त्यांच्या होडीत होते, आणि ते चालू होते. त्यामुळे ते कुठे आहेत हे जगाला कळले. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. होडी हातची गेली, पण माणूस वाचला.

पुढे काय झाले, तेही सांगतो. बरे होऊन ते २०२२ साली त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. वाटेत त्यांच्या होडीचे वाऱ्यावर चालणारे सुकाणू मोडले. जोडायला फळी नव्हती. तेव्हा त्यांनी होडीतल्या संडासाचे दार कापले आणि त्याची फळी वापरली! २९ एप्रिल २०२३ ला शर्यत पुरी करून त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. हाताला दुरुस्तीची सवय असली की दारातही सुकाणू दिसते. दिलीप दोंदे यांनीही म्हादेई बांधली जात असताना कारखान्यात राहून तिचा भाग न् भाग समजून घेतला होता. ज्याला होडी चालवायची, त्याला ती खोलून जोडता आली पाहिजे.

कागदावरची यादी

इतकी कामे लक्षात कशी ठेवायची? लक्षात ठेवायचीच नाहीत, लिहून काढायची. होडीच्या प्रत्येक भागाची यादी करतात. काय तपासले, काय बदलले, कोणी बदलले, कोणत्या तारखेला, हे त्यात लिहितात. काम झाले की पुढे खूण करतात. कोणता सुटा भाग कोणत्या कप्प्यात ठेवला, हेही लिहितात. अंधाऱ्या रात्री, वादळात, ती वस्तू शोधत बसायला वेळ नसतो.

कोणी सांगते, "झालं असेल की ते काम." पण 'झालं असेल' यावर होडी सोडीत नाहीत. खूण नसेल तर काम झालेले नाही, असे धरतात आणि पुन्हा जाऊन पाहतात.

तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. ही यादी तुमच्याही कामाची आहे. ऊसतोडीला निघायचे असो, वारीला जायचे असो, की पावसाळ्याआधी घर शाकारायचे असो, एक कागद घ्या. गाडीचे काय पाहायचे, शिधा किती, औषध कोणते, अडीअडचणीला कोणाला कळवायचे, हे एकाखाली एक लिहा. तपासून झाले की पुढे खूण करा. यादी घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला आठवते. जिथे खूण नसेल, ते काम निघण्याच्या आदल्या दिवशी पुरे करा. मगच गाडी जुंपा.